खालची टाकी

काचेला भोक पाडायचं तर आधी तिला पाणी पाजायचं,
असं म्हणून निसार मिस्त्रीनं ड्रिल टेकवलं.
मी मगातून बारीक धार धरली.
अर्धा तास पांढरं पाणी वाहत राहिलं, तांदूळ धुतल्यासारखं.
मग एक चकती निसटली, टुणकन,
आणि चार फुटी नव्या टाकीला
जन्मभराचं भोक पडलं.

"बाई, बाथरूमं केली चारेकशे,
पण मुद्दाम गळणारी टाकी ही पहिलीच."

मी महापालिकेत, पाणीपट्टी, खिडकी नंबर तीन.
एकवीस वर्षं माझ्या हातून पाणी गेलं
ते आकड्यांतून. बोटं कधी ओली झाली नाहीत,
स्टॅम्पपॅडनं झाली तेवढीच.

आता वरचं पाणी काठावरून आपल्या वजनानं खाली,
खालचं पंपानं पुन्हा वर,
वाटेत मोजा, स्पंज, सिरॅमिकचे तुकडे.
टँक निपलचा वॉशर आतून की बाहेरून
यावर दोन चहा झाले. (आतून.)
एल्बो, परत एल्बो, बॉल व्हॉल्व्ह.
सोल्युशनचा वास दोन दिवस वरणभातात.
आणि शेजारी एक जादा पाइप, कोरडा,
पहिला तुंबलाच तर.
"हा काही करणार नाही," निसार म्हणाला,
"पण असू दे. घरात असा एक लागतो."

पहिल्या रात्री पाइप घोरला.
टोपीला सुईएवढं भोक पाडलं, मग गप्प.

खालच्या मजल्यावर खैरनार.
छत नुकतंच रंगवलेलं.
जिन्यात भेटले की आधी वर बघतात,
मग माझ्याकडे.

गंगेला पूर आला की अख्खं नाशिक एकच विचारतं:
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर?
क्युसेक पेपरात असतात, पाणी मारुतीच्या अंगावर कळतं.
म्हणून मीही खालच्या टाकीवर मार्करनं रेघा ओढल्या:
घोटा, गुडघा, कंबर, छाती.
पंप चालू, पाणी गुडघ्याला.
बटण बंद, वरचं उरलंसुरलं उतरून कंबरेला,
आणि थांबायचं.
तीनदा बंद करून पाहिलं. तिन्हीदा कंबर.

मंगळवारी रात्री दोन वाजता लाइट गेली.
फ्रिज थांबला, पंखा थांबला,
पाणी थांबलं नाही.
मोबाइलच्या उजेडात: कंबर.
मी वाट पाहिली.
कंबर ओलांडली.
बरगड्यांना मी रेघच काढली नव्हती.

वर चढणाऱ्या पाइपाला एक भोक ठेवलेलं असतं,
पाणी त्याच्याखाली गेलं की हवा आत शिरावी
आणि उलटी धार तुटावी म्हणून.
तिथे, नेमकी तिथेच,
मुगाएवढी गोगलगाय बसलेली.
बसलेली कसली, ओढली गेलेली,
अख्खी टाकी तिच्या पोटातून खाली जाऊ पाहत होती
आणि ती बुचासारखी गच्च.

केसातली पिन काढली.
आधी तिला हळूच सरकवलं, मग भोकात टोक.
पाइपनं श्वास घेतला, इतका मोठा
की मीही घेतला.

छाती. वर काठ बोटभर.
काठानंतर फरशी, फरशीनंतर खैरनार.

बेल वाजायची नाही, लाइट नव्हती.
त्यांनी दार ठोठावलं, पायजम्यात, हातात बॅटरी.
"कुठवर आलंय?"
असं विचारलं त्यांनी. काय झालं, असं नाही.
"छातीला."
ते गुडघ्यावर बसले, काचेला नाक लावून,
एक डोळा मिटून रेघेच्या पातळीत आले.
तीस वर्षं गंगापूर धरणावर गेज वाचत होते,
हे मला आज कळलं. आठ वर्षांची शेजारीण मी.

"मार्कर द्या," म्हणाले.
बरगड्यांची रेघ काढली, सरळ, पट्टीशिवाय.
छातीपुढे लिहिलं: २.२०.
"वाढ नाही," म्हणाले, कुणाला तरी कळवावं तसं,
आणि तिथेच बसून राहिले, लाइट येईपर्यंत.

बशीत गोगलगाईनं
एक शिंग बाहेर काढलं होतं.
दुसऱ्याचा अजून विचार चालला होता.